छापील अक्षराची गोष्ट : जाड रेघ, बारीक रेघ

आज आम्ही तुम्हाला अक्षराची गोष्ट सांगणार आहोत. बचत गटाच्या कार्यक्रमात कर्ज, हप्ता, व्याज सोडून हे काय मध्येच, असं वाटेल. पण ही गोष्ट आमच्या गटाच्या नुकसानीतूनच सुरू झाली, म्हणून आधी ते नुकसान सांगतो.

दोन वर्षांपूर्वी आमच्या गटानं तुरीची डाळ पाकिटात भरून विकायचं ठरवलं. तूर आपल्याच शिवारातली, भरडणं-पाखडणं आपलंच. प्रदर्शनात स्टॉल मिळाला होता. स्टॉलसाठी एक मोठा फलक आणि पाकिटावर चिकटवायला लेबलं, असं दोन्ही आम्ही एकाच ठिकाणी छापायला दिलं. संगणकावर बसलेल्या मुलानं आम्हाला पाच-सहा अक्षरं दाखवली. त्यातलं एक आम्हाला फार आवडलं. उभी रेघ चांगली भरदार, जाड, आणि वळणाला येताच केसासारखी बारीक. लग्नपत्रिकेवर शोभावं असं. आम्ही म्हटलं, हेच फलकाला आणि हेच लेबलाला.

फलक सुंदरच झाला. लांबून दिसायचा, लोक थांबायचे. लेबलं मात्र आदल्या रात्री हातात आली आणि घाईघाईत आम्ही ती चिकटवत बसलो. आमच्या गटातल्या एक मावशी साठी ओलांडलेल्या आहेत. साक्षरता वर्गात त्या अलीकडेच वाचायला शिकल्या, बोट ठेवून एकेक अक्षर लावतात. त्यांनी पाकीट उचललं, बोट ठेवलं आणि म्हणाल्या, ‘‘ताई, हे ‘तर डाळ’ कोनती डाळ हाय वं? आपल्या घरी त तूर पिकते.’’

आम्ही हसलो. पुन्हा पाहिलं तर मावशींचं खरं होतं. लेबल दोन बोटांएवढं. त्यावरच्या ‘तूर’मधली ऊकाराची बारीक रेघ छापताना उमटलीच नव्हती. ‘गृह उद्योग’चं ‘गह उद्योग’ झालं होतं. आम्ही दहा जणींनी ते लेबल पाहिलं होतं, आणि दहाही जणींनी ‘तूर डाळ’ असंच वाचलं होतं. कारण आत काय आहे ते आम्हाला ठाऊक होतं. आम्ही आठवणीनं वाचलं, मावशींनी जे छापलं होतं ते वाचलं.

लेबलं फेकावी लागली, पैसे गेले. त्या मुलाचा दोष किती आणि आमचा किती, हा वाद आम्ही घातला नाही. एक प्रश्न मात्र डोक्यात राहिला. जे अक्षर फलकावर इतकं देखणं, ते लेबलावर असं का फसलं? आणि मुळात ही जाड-बारीक अक्षरं आली कुठून, कोणी घडवली? थोडं वाचलं, जाणत्यांना विचारलं. त्यातलं हाती लागलं ते तुमच्यापुढे ठेवतो.

बोरूची करामत

आधी घरातच एक प्रयोग करून पाहा. परातीत पीठ पसरा आणि सपाट उलथणं उभं धरून, न फिरवता, त्यात ओढा. रुंद बाजूनं ओढलं तर पट्टा उमटतो. धारेच्या दिशेनं ओढलं तर नुसती रेघ. हात तोच, उलथणं तेच, पण एकदा जाड, एकदा बारीक. देवनागरी अक्षराच्या जाड-बारीक रेघांचं सगळं रहस्य एवढंच आहे.

आपल्याकडे छापखाने नव्हते तेव्हा बोरूनं लिहीत. बोरू म्हणजे वेताची किंवा बांबूसारख्या पोकळ काडीची लेखणी. तिचं टोक तिरकं कापायचं आणि काजळीच्या शाईत बुडवायचं. टोक सपाट असल्यामुळे हात एका दिशेनं गेला की रेघ जाड, दुसऱ्या दिशेनं गेला की बारीक. आपल्या बोरूचा काप असा की वरून उजवीकडून खाली डावीकडे येणारी रेघ जाड पडते आणि उलट दिशेची बारीक. इंग्रजी लिहिणाऱ्यांच्या टाकाचा काप वेगळा, म्हणून त्यांची जाड रेघ नेमकी दुसऱ्या बाजूला असते. इंग्रजी आणि मराठी पाटी शेजारी शेजारी लावून पाहा, फरक दिसेल.

त्या काळी मराठीच्या दोन लिप्या चालायच्या. हिशेब, पत्र, जमिनीची कागदपत्रं मोडीत. मोडी धावती, हात न उचलता लिहायची. पोथ्या मात्र बाळबोध लिपीत, म्हणजे आज आपण वाचतो त्या देवनागरीत. बाळबोध सावकाश लिहायची, एकेक अक्षर सुटं, वर शिरोरेघ. जुनी पोथी कुणाच्या देवघरात असेल तर एकदा जवळून बघा. काळी, भरदार, गोल अक्षरं आणि त्यांच्या बारीक माना. हाताच्या अक्षराचा तो डौल धातूत आणायचा, हे पुढच्या कारागिरांचं काम होतं.

लोहाराच्या हातची पहिली अक्षरं

१८०५ हे साल लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्या वर्षी मिरजेला भगवद्‌गीता छापली गेली, पण ती सुट्या अक्षरांनी नाही. तांब्याच्या पत्र्यावर अख्खं पान कोरायचं आणि त्याचा छाप घ्यायचा, अशी. एक अक्षर चुकलं तर पत्रा वाया. त्याच वर्षी बंगालात, कलकत्त्याजवळच्या श्रीरामपूरला, विल्यम कॅरी या मिशनऱ्यानं मराठीचं व्याकरण छापलं. त्यातली देवनागरी अक्षरं सुटी होती. म्हणजे एकेका अक्षराचा धातूचा खिळा, तो जुळवायचा, छापायचा, सोडवायचा आणि पुन्हा दुसऱ्या शब्दाला वापरायचा.

कॅरीच्या छापखान्यासाठी देवनागरी अक्षरं कोरणारा माणूस होता पंचानन कर्मकार. बंगालीत कर्मकार म्हणजे लोहार. त्याच्यामागे त्याचा जावई मनोहर यानं ते काम चालवलं. आपल्या गावातला लोहार विळ्याला धार लावतो, त्याच जातकुळीच्या हातांनी आपल्या भाषेला छापील रूप देण्याची सुरुवात केली. पुस्तकावर नाव कॅरीचं राहिलं. कर्मकारांची नावं शोधून काढावी लागतात.

खिळा कसा करायचा, तेही ऐका. आधी पोलादाच्या कांडीच्या टोकावर अक्षर उलटं कोरायचं, कानशीनं आणि छिन्नीनं. ज्वारीच्या दाण्याएवढ्या जागेत ‘क्ष’ कोरायचा म्हणजे काय ते डोळ्यासमोर आणा. मग ती कांडी कडक करून तांब्याच्या तुकड्यावर ठोकायची, म्हणजे तांब्यात खोल ठसा पडतो. त्या ठशात वितळलेलं शिसं ओतलं की खिळा तयार. एका ठशातून हजारो खिळे निघतात. पण कांडी कोरताना बारीक रेघ जरा जास्त बारीक झाली तर ती चूक हजारो वेळा छापली जाते. आमच्या लेबलाचंही तेच झालं होतं, फक्त यंत्र बदललं होतं.

मराठीला आणखी एक अडचण. इंग्रजीचं काम शंभर-सव्वाशे खिळ्यांत भागतं. आपल्याला काना, मात्रा, वेलांट्या, ऊकार, रफार, जोडाक्षरं, सगळं धरून कित्येक शेकडा खिळे लागतात. खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्यासमोर मोठमोठ्या पेट्या, त्यात असंख्य खण. कोणत्या खणात कोणतं जोडाक्षर, हे त्याला डोळे मिटून ठाऊक असावं लागे.

दोन रुपये पगाराचा मुलगा

मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यात १८१७ साली मराठी छपाई सुरू झाली. तिथं थॉमस ग्रॅहम नावाच्या कारागिरानं मराठी अक्षरं अधिक लहान आणि सुबक केली. हे छापखाने धर्मप्रसारासाठी होते, म्हणून आपले लोक बिचकून होते. शाईत चरबी असते, अशा शाईनं छापलेली पोथी सोवळ्यात कशी घ्यायची, हाही प्रश्न होता. गणपत कृष्णाजी या गृहस्थांनी स्वतःचा छापखाना काढला आणि १८३१ साली पंचांग छापलं. शाईत चरबीऐवजी तूप वापरल्याचं सांगतात. तुपाची शाई! पण घराघरात छापील पंचांग आलं ते त्यानंतरच. पुढे गणपत कृष्णाजींनी स्वतःचे खिळेही पाडून घेतले.

आणि मग येतात जावजी दादाजी. आमच्या मते या गोष्टीचे खरे नायक हेच. जन्म १८३९चा, मुंबईतलं गरिबाचं घर. शाळा बेताचीच. लहान वयातच ते अमेरिकन मिशनच्या छापखान्यात कामाला लागले. काम काय, तर खिळे घासून साफ करायचे. पगार महिना दोन रुपये. जो मुलगा दिवसभर खिळे घासतो, त्याच्या बोटांना अक्षर कळतं. कुठली कड खरखरीत, कुठली रेघ चेपलेली, कुठला खिळा उंचीला कमी. पुढे आणखी काही छापखान्यांत त्यांनी काम केलं आणि १८६४ साली मुंबईत स्वतःचा खिळे पाडायचा कारखाना काढला. अक्षरं कोरायला त्यांच्याबरोबर राणोजी रावजी आरू हे त्यांचे स्नेही होते, कोरण्यात विलक्षण हात असलेले. जावजींना व्यवहार आणि दृष्टी, राणोजींना छिन्नी. १८६९ साली त्यांनी छापखानाही सुरू केला, त्याचं नाव ‘निर्णयसागर’.

कोलभाट गल्लीतल्या त्या छापखान्याची अक्षरं महाराष्ट्रभर गाजली. गोल, भरदार, जाड रेघेला बारीक रेघेची साथ, पण बारीक रेघ तुटेल इतकी बारीक नाही. संस्कृतचे मोठमोठे ग्रंथ निर्णयसागरनं छापले. ‘काव्यमाला’ नावाची संस्कृत ग्रंथांची मालिका १८८६पासून निघाली आणि काशीच्या पंडितांपासून परदेशातल्या अभ्यासकांपर्यंत पोचली. १८८१पासून मुलांसाठीचं ‘बालबोध’ मासिकही तिथूनच छापून निघू लागलं. १८९२ साली जावजी गेले, पुढे मुलगा तुकाराम जावजी यांनी काम चालवलं. तुमच्या घरातल्या जुन्या पोथीच्या पहिल्या पानावर ‘निर्णयसागर’ हे नाव आहे का ते पाहा. असलं तर ती पोथी जपून ठेवा.

आम्हाला या गोष्टीत सगळ्यात मोलाचं काय वाटलं, ते सांगतो. पंडितांचे ग्रंथ ज्या अक्षरात शोभले, ती अक्षरं पंडितांनी घडवलेली नव्हती. खिळे घासणाऱ्या मुलानं आणि छिन्नी चालवणाऱ्या मित्रानं घडवली. ज्याच्या हातात काम आहे, त्याला त्या कामातलं सर्वात जास्त कळतं. बचत गटात आपण हेच म्हणत असतो ना?

छापलं म्हणून टिकलं

छापील अक्षराचा बायांशी काय संबंध, असं कुणी विचारेल. फार जवळचा आहे. सावित्रीबाई फुल्यांचा ‘काव्यफुले’ हा संग्रह १८५४ साली छापून निघाला. आपल्या शेजारच्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिलं. १८८२ साली पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात ते छापलं गेलं. बायकांना बोल लावणाऱ्या समाजाला त्यांनी रोखठोक जाब विचारला होता. पुढे ते पुस्तक कितीतरी वर्षं विस्मरणात गेलं. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रसिद्ध केलं, तेव्हा आपल्यापर्यंत आलं. ताराबाई नुसत्या बोलल्या असत्या तर तो आवाज ओसरीतच विरला असता. शिशाच्या खिळ्यांनी तो कागदावर ठेवला, म्हणून जवळजवळ शंभर वर्षांनी तो पुन्हा ऐकू आला.

आपल्या यवतमाळातूनही छापील शब्द बाहेर पडला आहे. लोकनायक बापूजी अणे यांनी १९१८ साली इथून ‘लोकमत’ साप्ताहिक काढलं. नाव लोकमान्य टिळकांनी सुचवलेलं. लोकांचं मत लोकांपर्यंत न्यायचं तर छापील अक्षर हवंच, हे त्या पिढीला नीट कळलं होतं.

साता समुद्रापलीकडच्या दोन विधवा

जाड-बारीक अक्षराची हौस फक्त आपल्याकडे नव्हती. युरोपात अठराव्या शतकात तिची लाटच आली. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या जॉन बास्करव्हिल यांनी आधीच्यापेक्षा रेखीव अक्षरं केली. बारीक रेघ नीट उमटावी म्हणून छापलेला कागद ते गरम पत्र्यांत दाबून गुळगुळीत करत. पुढे फ्रान्समध्ये दिदो घराण्यानं आणि इटलीत पार्मा गावच्या बोदोनी यांनी ही तऱ्हा टोकाला नेली. उभी रेघ खांबासारखी, आडवी रेघ केसासारखी आणि अक्षराच्या टोकाला बारीक पट्टीसारखे पाय. आजही मोठ्या शहरांतल्या दागिन्यांच्या, अत्तराच्या जाहिरातीत, फॅशनच्या मासिकांच्या मुखपृष्ठावर दिसतात ती इंग्रजी अक्षरं याच घराण्यातली.

यात दोन बायकांची नावं आहेत. बास्करव्हिल १७७५ साली वारले, तेव्हा त्यांची पत्नी सारा हिनं अक्षरांचा कारभार हाती घेतला. पोलादाच्या कोरीव कांड्या तिनं विकल्या आणि त्या पुढे फ्रान्सला गेल्या. बोदोनी १८१३ साली गेले. आयुष्यभर कोरलेल्या अक्षरांचा त्यांचा मोठा नमुनाग्रंथ अपुरा होता. त्यांची विधवा मार्गेरिता हिनं तो पुरा करवून घेतला आणि १८१८ साली दोन खंडांत प्रसिद्ध केला. बोदोनी यांचं नाव आज जगभर घेतात त्यामागे मार्गेरिताचे ते कष्ट आहेत. साराचं आधीचं नाव ईव्ज. त्या नावानं १९९६ साली एक अक्षरमालाच निघाली, ‘मिसेस ईव्ज’, आणि ती काढली झुझाना लिच्को या बाईनंच. नवऱ्यामागं शेत, दुकान, कर्ज सांभाळणाऱ्या कितीतरी जणी आपल्या जिल्ह्यात आहेत. त्यांना ही गोष्ट परकी वाटायची नाही.

शिसं गेलं, संगणक आला

विसाव्या शतकात खिळ्यांची गर्दी कमी करण्याचे बरेच प्रयत्न झाले. सावरकरांनी ‘अ’चीच बाराखडी सुचवली, म्हणजे ‘इ’ऐवजी ‘अ’ला वेलांटी. यंत्राला सोपं जावं म्हणून अक्षरानं बदलायचं की अक्षरासाठी यंत्रानं, हा वाद बरीच वर्षं चालला. अखेर संगणक आला आणि वाद मिटला, कारण संगणकाला शेकडो काय, हजारो अक्षरांचंही ओझं नाही. आता तालुक्याच्या कुठल्याही दुकानात मुलं ‘श्रीलिपी’वर पत्रिका बसवतात.

संगणकावरच्या मराठी अक्षरांत एक मोठं नाव र. कृ. जोशी यांचं. कवी, सुलेखनकार, शिक्षक. सरकारी कार्यालयांतल्या संगणकांवर वर्षानुवर्षं दिसलेलं ‘मंगल’ हे अक्षर त्यांच्या हातचं. २००८ साली ते गेले. त्यांच्या पुढच्या पिढीत मुंबईची ‘एक टाइप’ ही अक्षर घडवणाऱ्यांची मंडळी आहे. तिच्या संस्थापकांत नूपुर दात्ये आहेत. मोदकासारखं गुबगुबीत ‘मोदक’ हे अक्षर सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांनी मिळून केलं. म्हणजे छिन्नीच्या काळात जिथं बाई दिसत नव्हती, तिथं आज बायका अक्षर घडवतात आणि त्याखाली आपलं नाव लिहितात.

आमच्या फलकावर शोभलं तसल्या जातीचं एक अक्षर २०१४ साली ‘इंडियन टाइप फाउंड्री’नं काढलं, त्याचं नाव ‘रोझा वन’. जाड रेघ आणि बारीक रेघ यांतलं अंतर इतकं की देवनागरीत एवढं क्वचितच कुणी केलं असेल. ते फुकट वापरता येतं. पण ते मथळ्यासाठी, मोठ्या आकारासाठी केलेलं आहे. आमची चूक आम्हाला इथं कळली. अक्षर वाईट नव्हतं. आम्ही लग्नातला शालू नेसून निंदणाला गेलो होतो.

मथळ्याचं अक्षर आणि वाचायचं अक्षर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मथळ्याच्या अक्षरानं लांबून हाक मारायची. तिथं बारीक रेघही हातभर मोठी होते, म्हणून दिसते आणि शोभते. वाचायच्या अक्षरानं जवळ बसून समजावून सांगायचं. तिथं सगळ्या रेघा अंगानं सारख्या असाव्या लागतात, काना-मात्रा ठळक लागतात. पुन्हा आपली लेबलं छापली जातात साध्या कागदावर, साध्या यंत्रावर. बास्करव्हिलचा गुळगुळीत कागद आपल्याकडे कुठला?

बारीक अक्षराची मोठी किंमत

आमचं नुकसान लेबलांच्या पैशावर भागलं. पण बारीक अक्षराची किंमत दर वेळी एवढी स्वस्त नसते. २०१७चा पावसाळा आपल्या जिल्ह्यात कुणी विसरलेलं नाही. कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त माणसं गेली, शेकडो दवाखान्यात भरती झाली. त्यात शेतकरी होते, रोजमजूर होते. त्याची कारणं पुष्कळ होती. अंगावर संरक्षक कपडे नव्हते, कपाशी डोक्याएवढी वाढली होती, औषधं एकात एक मिसळली जात होती. सगळा दोष अक्षराला देता येणार नाही. पण औषधाच्या बाटलीवरचा मजकूर आणि सोबतचा कागद तुम्ही कधी वाचायचा प्रयत्न केला आहे का? घडीवर घडी घातलेला तो कागद, त्यावर मुंगीएवढी अक्षरं. तोंड कसं बांधायचं, वाऱ्याच्या कोणत्या बाजूला उभं राहायचं, विषबाधा झाली तर काय करायचं, सगळं त्यात असतं. ज्याच्या हातात पंप आहे, त्यालाच ते वाचता येत नाही.

म्हणून बाटलीवरचा रंगीत चौकोन तरी ओळखायला शिका. त्याच्या खालच्या अर्ध्या भागात रंग असतो. लाल म्हणजे सर्वात जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक असं मात्र नाही, विष ते विषच. आणि दुकानदाराकडून औषध घेताना तो कागद तिथंच वाचून दाखवायला सांगा. लाजायचं काही कारण नाही. वाचता न येण्याचा दोष दर वेळी वाचणाऱ्याचा नसतो, कधी तो छापणाऱ्याचाही असतो. मावशींनी आम्हाला हेच शिकवलं.

आमचा नियम

त्यानंतर आमच्या गटानं ठराव केला आणि इतिवृत्ताच्या वहीत लिहून ठेवला. गटाचं नाव आणि मालाचं नाव मोठं, शोभिवंत अक्षरात चालेल. वजन, किंमत, तारीख, घटक, संपर्क हे सगळं साध्या, सारख्या रेघेच्या अक्षरात. ‘मुक्ता’ नावाचं एक अक्षर फुकट मिळतं, आम्ही तेच घेतलं. छापण्याआधी एक नमुना खऱ्या आकारात, खऱ्या कागदावर काढायचा. संगणकाच्या पडद्यावर पाहून होकार द्यायचा नाही, कारण पडद्यावर सगळंच मोठं आणि लखलखीत दिसतं.

आणि शेवटची अट अशी की तो नमुना आधी मावशींनी वाचायचा. आम्ही शिकलेल्या बाया झरझर वाचतो आणि नसलेला ऊकारही आपल्या मनानं घालतो. मावशी जेवढं आहे तेवढंच वाचतात. पदवी आमच्याकडे आहे, पण तपासणीला त्यांच्याएवढं पक्कं आमच्यात कुणी नाही. पुढच्या वेळी नमुना आला तेव्हा त्यांनी चष्मा लावला, बोट ठेवलं आणि ‘तू-र’ असं सावकाश वाचलं. मग खालची तारीख वाचली, आणि म्हणाल्या, ‘‘हे ‘५’ हाय का ‘६’? मले सांगता येऊन नाही राह्यलं.’’ आम्ही तो नमुना परत पाठवला.

मैत्रिणींनो, या आठवड्याच्या बैठकीत एक काम करा. तुमच्या मालाचं एक पाकीट आणि घरातली औषधाची एक बाटली घेऊन या. गटात जी सर्वात शेवटी वाचायला शिकली, तिच्या हातात द्या आणि मोठ्यानं वाचायला सांगा. मध्ये कुणी सुचवायचं नाही. ती जिथं अडखळेल तिथं खूण करा. लेबल तुमचं असेल तर दुरुस्त करून घ्या, कंपनीचं असेल तर दुकानदाराला दाखवा. काय सापडलं ते आम्हाला नक्की कळवा, पुढच्या कार्यक्रमात सांगू.